तात्यांना पसंत पडलेला कॅमेरा

"हाच घे," तात्या म्हणाले. "ह्यातनं पलीकडच्या दुकानाची पाटी लख्ख दिसतीया. तो दुसरा ठेव बाजूला, त्याची काच खराब हाय."

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात आम्ही बापलेक उभे होतो. काउंटरवर दोन डीएसएलआर काढून ठेवले होते, एक कॅनन आणि एक निकॉन. दोन्ही नवशिक्या माणसाने घ्यायचे, किमतीही जवळजवळ सारख्या. निकॉन तात्यांच्या हातात होता आणि ते तो डोळ्यापासून काढायला तयार नव्हते.

ह्याला आता बारा वर्षं होत आली. मी तेव्हा आजऱ्याच्या एका स्टुडिओत फोटो कापायचं आणि अल्बम चिकटवायचं काम करायचे. मालक म्हणाले होते, "सारिका, स्वतःचा कॅमेरा घे, लग्नाच्या ऑर्डरी देतो तुला. बायकांच्या घोळक्यात बाई फोटोवाली असली की लोकांना बरं पडतं." आणि बजावलं होतं की दोन कॅमेरे शेजारी शेजारी धरून बघितल्याशिवाय एकही घ्यायचा नाही. तात्या सावंतशेठच्या ट्रॅव्हल्सच्या बसवर ड्रायव्हर होते. त्या दिवशी ते कुंभारांच्या मुलाचं वऱ्हाड घेऊन कोल्हापूरला आले होते, मीही त्याच बसमधून आले. तिकडे अक्षता पडल्या, पंगत बसायची होती, तेवढ्यात आम्ही रिक्षा करून दुकान गाठलं. कॅमेऱ्यातलं तात्यांना काही कळत नव्हतं, पण कुठल्याही दुकानात शहाणं व्हायला त्यांना पाच मिनिटं पुरायची.

दुकानातले शिकलगार पंचेचाळिशीचे होते, बोलायला गोड. ते म्हणाले, "मामा, दोन्ही चांगलेच आहेत. कॅननचे रंग जरा तांबूस येतात, नवरा-नवरीला बरे दिसतात. निकॉन अंधारात जरा सरस. ताईंच्या हाताला कुठला बसतो ते बघू."

"हाताचं ऱ्हाऊ द्या. डोळ्याला दिसाय नको?" तात्या म्हणाले. "ह्यातनं दिसतंय, त्यातनं दिसत न्हाई. त्यात धुकं भरलंय."

मी दोन्हींतून बघितलं. मला दोन्हींतून पाटी दिसत होती. निकॉनमध्ये डोळा थोडा ताणल्यासारखा वाटला, बाकी काही नाही.

"तात्या, दोन्ही सारखेच आहेत की."

"तुला बघाय येत न्हाई."

शिकलगारांनी मग स्वतः बघितलं. आधी कॅनन, मग निकॉन. निकॉन लावल्यावर त्यांनी भुवया वर केल्या. "मला तर उलटं दिसतंय, मामा. कॅनन स्वच्छ आहे, हाच धूसर आहे."

तिघांची तीन मतं झाली. तात्या खूश झाले. त्यांना दुकानदाराशी हुज्जत घालायला मिळाली की दिवस सार्थकी लागायचा. "बघा, स्वतःच्याच मालाचं तुमचं तुम्हाला कळंना," असं ते म्हणाले.

शिकलगारांनी कॅमेरा उलटा केला आणि हसले. ज्या काचेला डोळा लावतात तिच्या कडेला एक बारीकसं चाक होतं. "हे फिरलंय. सकाळी एक चष्मेवाले सर आले होते, चष्मा काढून बघत होते. त्यांनी आपल्या नंबराप्रमाणे फिरवलं आणि तसंच ठेवून गेले. ज्याला लांबचं दिसत नाही त्याच्यासाठी हे असतं." त्यांनी नखाने चाक जागेवर आणलं आणि कॅमेरा तात्यांकडे दिला. "आता बघा. आता दोन्ही एकसारखे."

तात्यांनी डोळा लावला. बराच वेळ लावून धरला.

"आता ह्योबी बिघडला," ते म्हणाले.

शिकलगारांचं हसू ओसरलं. त्यांनी परत चाक फिरवलं, शेवटपर्यंत. "आता?"

"आता हाय बरोबर."

"मामा, तुम्हाला चष्मा लागलाय. दोन-अडीच नंबर तरी असेल."

"छ्या. मी अजून बिनचष्म्याचा पेपर वाचतो."

हे खरं होतं. घरात, गल्लीत, सावंतशेठच्या ऑफिसात हा कौतुकाचा विषय होता. तात्यांच्या बरोबरीचे सगळे पेपर हातभर लांब धरायचे, नाहीतर नाकावर चष्मा चढवायचे. तात्या मात्र बारीक अक्षरातली निधनवार्तासुद्धा घडाघडा वाचून दाखवायचे. आनंदा ड्रायव्हरची नजर घारीची, असं सगळे म्हणायचे. आई तर दृष्ट काढायची.

"पेपर जवळचा झाला," शिकलगार म्हणाले. "बिनचष्म्याची पाटी वाचा बघू. ती समोरची."

तात्यांनी काचेच्या दारातून बाहेर बघितलं. पाटी लालभडक होती, हातभर उंचीची अक्षरं. त्यांनी डोळे बारीक केले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला कुठला पसंत हाय तो सांग. वऱ्हाड खोळंबंल तिकडं."

शिकलगारांनी बिल करायला घेतलं. सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "काय काम करता मामा?"

मी तोंड उघडायच्या आत तात्या म्हणाले, "शेती."

तात्या कुणालाही, अगदी दवाखान्यात इंजेक्शन घेतानासुद्धा, आपण ड्रायव्हर आहोत हे सांगायचे. कुठली गाडी, कुठला घाट, हे न विचारता सांगायचे. आमची शेती म्हणजे परसातला कढीपत्ता. मला जे काही कळायचं होतं ते त्या एका शब्दात कळलं.

मी निकॉन घेतला. अंधारात सरस म्हणाले होते म्हणून.

रिक्षात मी म्हटलं, "तात्या, तुम्हाला लांबचं दिसत नाही."

"दिसतंय. थोडं पुसट."

"किती दिवस झाले?"

"रिक्षात नको," ते म्हणाले. पुढे रिक्षावाला होता.

मंगल कार्यालयाच्या मागच्या मोकळ्या जागेत बस उभी होती. पायरीवर जानबामामा बसला होता, पंगतीतली जिलबी द्रोणात घेऊन. जानबा बसवरचा क्लीनर. तात्यांपेक्षा दहा वर्षांनी मोठा, आणि तोंडाने अखंड चालू. सकाळी येतानाही तो पुढच्या दारात उभा राहून बोलतच होता. गतिरोधक आला. डावं वळण. म्हस हाय, म्हस. बायका त्याला चिडवत होत्या, जानबा, तुझा रेडिओ बंद कर की रं. तो काही केल्या बंद झाला नव्हता.

"जानबामामा," मी म्हटलं, "तात्यांना दिसत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं?"

जानबाने तात्यांकडे बघितलं. तात्यांनी मान खाली घातली. जानबाने द्रोण खाली ठेवला आणि बोटं चाटली.

"हुतं की. दोन वर्सं झाली. मी सांगतो, त्यो चालवतो. आम्ही दोघं मिळून एक डायवर हाय बघ. अजून एक कुत्रंसुदीक मेलं न्हाई."

"आणि चष्मा का लावत नाही?"

ह्यावर तात्या बोलले. "शेठनं त्या महादूला चष्मा लागल्या लागल्या गाडीवरनं उतरवला. आता गाड्या धुतोय. चष्म्याचा डायवर दिसला की वऱ्हाडवाले दुसरी गाडी बघत्यात म्हणं. पन्नाशीत मी बादली घेऊन उभा ऱ्हाऊ व्हय?"

"मग लोकांचं काय?"

"एवढा सीझन काढतो. तुझ्या ऑर्डरी सुरू होऊ देत. मग बसतो घरात."

"तात्या, आज तुम्ही गाडी चालवायची नाही."

"मग कोण चालवणार, तू?" ते चिडले. "इथं बोललीस हे बोललीस. वऱ्हाडात बोलू नकोस. ह्या माणसांत राहायचंय आपल्याला."

त्यात खोटं काही नव्हतं. कुंभारांचं वऱ्हाड म्हणजे निम्मी आमचीच गल्ली. एकदा तोंडातून गेलं असतं तर संध्याकाळपर्यंत आख्ख्या आजऱ्याला कळलं असतं आणि शेठने उद्याच किल्ली काढून घेतली असती. मी गप्प बसले, पण तेवढ्यापुरती. उजेडी निघालो तर जानबा सांगेल आणि तात्या चालवतील, सकाळी आलोच की धड, अशी मी स्वतःची समजूत काढायला बघत होते.

तात्यांनाही उजेडीच निघायचं होतं. चार वाजल्यापासून ते मांडवात फेऱ्या घालत होते. "आटपा मंडळी, दिवस असताना घाट उतरू," असं चारचौघांना सांगून झालं. पण लग्नघर कुणाचं ऐकतं? रुखवत बांधायचा राहिला. मग नवरीची आजी नातीला सोडेना. मग नवऱ्याची चप्पल लपवलेली, ती द्यायला मेव्हण्या तयार होईनात. तात्या दर थोड्या वेळाने बाहेर येऊन आभाळाकडे बघायचे. आधी मला ते कधी विचित्र वाटलं नसतं. ड्रायव्हर माणूस, घाई असतेच.

वऱ्हाड गाडीत चढलं तेव्हा दिवेलागण झाली होती. फेब्रुवारी महिना, उसाचा हंगाम. रस्त्यावर ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस चालला होता. त्या ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, लाल पट्टी नसते, आणि चाक पंक्चर झालं की ट्रॅक्टरवाला आहे तिथंच सोडून चहाला जातो. आमच्याकडे दरवर्षी दोन-चार माणसं अशी जातात. हे तात्यांनीच मला लहानपणी शिकवलं होतं, की अंधारात समोर अंधार जास्त काळा दिसला तर ब्रेक मार.

बस फाटकाबाहेर काढून तात्यांनी रस्त्याच्या कडेला उभी केली होती. नवरीला आत बसवायचं बाकी होतं. तात्या खाली उभे राहून तंबाखू मळत होते, जानबा शेजारी. मी गळ्यातला नवाकोरा कॅमेरा काढला. शिकलगारांनी बॅटरी भरून दिली होती. रस्त्याच्या दिशेने लेन्स जेवढी ओढता येईल तेवढी ओढली आणि एक फोटो काढला.

"तात्या, पुढं काय आहे?"

त्यांनी समोर बघितलं. मग सवयीने जानबाकडे बघितलं.

"मोकळा हाय की रस्ता," जानबा म्हणाला.

"मोकळा हाय," तात्या म्हणाले.

मी कॅमेऱ्याच्या मागची स्क्रीन त्यांच्यापुढे धरली. फोटो दाणेदार आला होता, पण आला होता. रस्त्याच्या मधोमध उसाची भरलेली ट्रॉली उभी होती, ट्रॅक्टरशिवाय. तिच्या आडोशाला एक पोरगं बसलं होतं आणि ऊस सोलून खात होतं.

तात्यांनी कॅमेरा जवळ घेतला. जवळचं त्यांना उत्तम दिसायचं. त्यांनी पोरगं बघितलं, ट्रॉली बघितली, परत मान वर करून रस्ता बघितला. असं दोन-तीनदा केलं.

"जानबा, तू मोकळा म्हणालास."

"मी तिकडं बघितलंच न्हाई रं. हिच्या कॅमेऱ्याकडं बघत हुतो."

तात्यांनी हातातला तंबाखू झटकला. त्यांचा चेहरा मला त्या उजेडात नीट दिसला नाही. त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला, फार जपून, आणि बसच्या पायरीवर चढले. मला वाटलं, चालले चालवायला. मी त्यांचा शर्ट मागून धरला.

ते ड्रायव्हरच्या जागेवर गेलेच नाहीत. मधल्या वाटेत उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "मंडळी, मला लांबचं दिसत न्हाई. मी गाडी चालवत न्हाई."

आत गलका चालू होता तो थांबला. नवऱ्याचे काका, सदाशिवकाका, पुढच्याच सीटवर होते. "डोळ्यात काय गेलंय का आनंदा?"

"दोन वर्सं झाली, दिसत न्हाई."

"मग सकाळी आमाला कुणी आणलं?" मागून नवऱ्याची आत्या म्हणाली.

"जानबानं," तात्या म्हणाले.

लोक हसले. आनंदा ड्रायव्हरने चेष्टा केली असंच त्यांना वाटलं. मग तात्या काही हसेनात तेव्हा हसू विरत गेलं. एका बाईने झोपलेलं पोर उचललं आणि खाली उतरली. तिच्यामागे दुसरी उतरली, मग सगळेच उतरायला लागले. बस जागेवर उभी होती, इंजिन बंद होतं, तरी माणसं धक्काबुक्की करून उतरत होती. एकाने तात्यांना आईवरून शिवी दिली. तात्या दाराशी उभे राहून म्हाताऱ्यांना हात देत होते.

सदाशिवकाका मात्र माझ्यावर उखडले. "आणि तू कॅमेरा घेऊन हिंडतीस! कधी कळलं तुला?"

"आज दुपारी," मी म्हटलं.

शेवटी नवरीच्या मामांनी बस चालवली. ते ट्रकवर असायचे. नवरी पुढे बसली होती, मामा चालवतायत म्हटल्यावर ती रडायची थांबली, एवढाच काय तो फायदा झाला. तात्या सगळ्यांत मागच्या बाकावर बसले, माझ्याशेजारी. आजरा येईपर्यंत बाहेर बघत होते. बाहेर काळोख होता आणि त्यांना उजेडातलंही दिसत नव्हतं. मला त्यांची फार दया येत होती आणि तेवढाच रागही येत होता.

शेठने सकाळी किल्ली घेतली. बादलीसुद्धा दिली नाही. जानबालाही काढलं, कारण दोन वर्षं तो गप्प बसला होता. गल्लीत काही दिवस लोक तात्यांना बघितल्यावर पोरांना आत बोलवायचे. आईने दृष्ट काढायची मीठ-मोहरी शेजारणीला देऊन टाकली. माझ्या मालकांनी पहिली ऑर्डर दिली ती दुसऱ्या गल्लीतली होती, कुंभारांकडची नव्हे.

मग मी तात्यांना गडहिंग्लजला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. जानबाही आमच्याबरोबर आला, कारण त्याला दिवसभर काही काम नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तात्यांना अंधाऱ्या खोलीत बसवलं, काचा बदलून बदलून अक्षरं वाचायला लावली. नंबर सव्वादोन निघाला. "एवढंच होतं होय? साध्या चष्म्याचं काम. आधी का नाही आलात?" असं त्या म्हणाल्या. चाचणीचा चष्मा नाकावर घेऊन तात्या खिडकीशी गेले आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वाचायला लागले. एक, मग दुसरी, मग तिसरी. मी त्यांना थांबवलं नाही.

बाकड्यावर जानबा बसला होता. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, त्याच्याकडे बघून थबकल्या आणि त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "आजोबा, आत या बरं तुम्ही."

त्याला आत घेऊन त्यांनी बॅटरी मारली, मग मशीनला डोळा लावायला लावला. आम्ही दारात उभे होतो.

"मोतीबिंदू आहे दोन्ही डोळ्यांत. डावा तर केव्हाचा पिकलाय. उजव्यानेही तुम्हाला फार काही दिसत नसणार, आजोबा. अंधार पडल्यावर तर काहीच नाही. घरात धडपडत नाही का?"

"धडपडतो की," जानबा म्हणाला. "म्हातारपण हाय."

तात्या आत गेले. चाचणीचा चष्मा त्यांच्या नाकावर तसाच होता. त्यांनी वाकून जानबाच्या डोळ्यात बघितलं, अगदी जवळून. आता जवळचं त्यांना नीट दिसत नसणार त्या काचांतून, पण त्यांनी चष्मा काढला नाही.

"जानबा, मग तू मला काय सांगत हुतास रं दोन वर्सं?"

"सांगत हुतो की. रस्ता सगळा पाठ हाय मला. गतिरोधक सांगायचो, वळण सांगायचो. मोठं काय हललं तर म्हस म्हणायचो."

"आणि समोरनं गाडी आली तर?"

जानबाने डोळ्यातलं औषधाचं पाणी पुसलं. ह्या प्रश्नाचं त्याला खरोखरच नवल वाटलेलं दिसलं.

"त्यासाठी तू हुतास की," तो म्हणाला.